पडझडीतून वाचलेला वारा

3 एप्रिल 1974 रोजी अमेरिकेत जो वारा सुटला तो कुणीही मोजलेला नाही. विमानतळांवर आणि हवामान कार्यालयांत वेगमापक होते. पण टोर्नाडोची वाट असते काहीशे मीटर रुंद, ती नेमकी यंत्रावरूनच जाणार कशाला? आणि गेली असती तर यंत्र जागेवर उरलं नसतं. तरीही त्या दिवसाचा हिशेब आज बारकाईने मांडता येतो. साधारण 24 तासांत अमेरिकेची 13 राज्यं आणि कॅनडाचा ऑन्टारियो प्रांत मिळून 148 टोर्नाडो जमिनीला टेकले. ऐन भरात असताना त्यांतले 15 एकाच वेळी वेगवेगळ्या गावांवरून फिरत होते. 300 हून अधिक माणसं दगावली, 5,000 हून अधिक जखमी झाली. घरं जोत्यापासून उखडणारे, म्हणजे सर्वांत वरच्या दोन दर्जांचे, टोर्नाडो त्या एका दिवसात 30 झाले. बहुतेक वर्षी बारा महिन्यांतही एवढे होत नाहीत.

एखाद-दुसरा टोर्नाडो हा अमेरिकेतल्या मैदानी मुलखाला नवा नाही. नवल त्या संख्येचं. असं काय जुळून आलं की इंडियानापासून अलाबामापर्यंत आभाळाने एकाच दिवशी तोच उद्योग केला?

मराठी वाचकाला वादळ म्हटलं की समुद्रावरून येणारं चक्रीवादळ आठवतं. जून 2020 मधलं ‘निसर्ग’ श्रीवर्धनच्या बाजूने कोकणात शिरलं, पण ते येणार हे आधीच कळलं होतं, मच्छीमार परतले होते, किनाऱ्यावरची माणसं हलवली होती. चक्रीवादळाचा पसारा शेकडो किलोमीटरचा आणि आयुष्य दिवसांचं. टोर्नाडोचा पसारा एखाद्या वाडीएवढा आणि आयुष्य बहुधा मिनिटांचं. तो समुद्रावर नाही, जमिनीवर, गडगडाटी ढगाच्या पोटातून जन्मतो. दोघांत साम्य एवढंच, की दोघेही गरगरतात.

त्या ढगाला लागतं काय? पहिली गोष्ट, खाली दमट आणि ऊबदार हवा. एप्रिलच्या सुरुवातीला कॅन्ससवरून ईशान्येकडे सरकणारं कमी दाबाचं एक जोरदार क्षेत्र होतं. त्याच्या पुढच्या बाजूने दक्षिणेचा वारा मेक्सिकोच्या आखातावरची ओल उचलून ओहायो नदीच्या खोऱ्यापर्यंत घेऊन आला. आदल्या आठवड्यापर्यंत थंडीचे कपडे घालणाऱ्या मुलखात घाम यावा असा उकाडा झाला. दुसरी गोष्ट, त्या दमट थरावर पसरलेली गरम, कोरडी हवा. ही येते मेक्सिको आणि नैर्ऋत्य अमेरिकेच्या उंच, रखरखीत पठारांवरून. पठारावर ती जमिनीलगत असते, पण पूर्वेकडे सखल भागावर आली की तीच हवा दीड-दोन किलोमीटर उंचीवर जाऊन बसते. हवामानशास्त्रज्ञ तिला ‘झाकण’ म्हणतात. खालची दमट हवा वर जायला बघते, पण तिच्याहून ऊबदार थर डोक्यावर असल्याने अडते. एरवी हे झाकण नसेल तर सकाळपासूनच लहानसहान ढग होतात, सरी पडतात आणि ताकद वाटून जाते. झाकण असलं की दुपारपर्यंत उन्हाची सगळी कमाई खाली साठत राहते. त्याच्याही वर थंड हवा असेल तर जिथे झाकण फुटेल तिथे ढग तासाभरात बारा-पंधरा किलोमीटर उंच चढतो.

इथवर जे सांगितलं ते आपल्याकडच्या वळवालाही थोडंफार लागू पडतं. मे महिन्यात मराठवाड्यात दुपारी तीनला आभाळ काळवंडतं, धुळीचा लोट उठतो, पत्रे उडतात, गारा पडतात, तासाभरात सगळं शांत. तिसरी गोष्ट मात्र आपल्याकडे मे महिन्यात क्वचितच असते, आणि टोर्नाडोचं सारं गुपित तिच्यात आहे: उंचीबरोबर वाऱ्याने वेग आणि दिशा बदलणं. 3 एप्रिलला जमिनीजवळ वारा दक्षिणेकडून होता. दीड किलोमीटरवर तो नैर्ऋत्येकडून, बराच जोरात. आणि नऊ-दहा किलोमीटरवर जेट स्ट्रीम म्हणजे वेगवान पश्चिमी वाऱ्याचा पट्टा ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात. वरचा थर पुढे पळतोय, खालचा मागे राहतोय. मधली हवा मग पोलपाटावरच्या लाटण्यासारखी आडवी लोळू लागते. आडवं लोळणं कुणाला दिसत नाही आणि त्याने काही बिघडतही नाही. पण त्या लोळणाऱ्या हवेखालून ढगाचा ऊर्ध्वगामी झोत उठला की तो तिला मधोमध उचलून उभी करतो. आता अख्खा ढगच स्वतःभोवती फिरू लागतो. अशा ढगाला सुपरसेल म्हणतात. त्याचा पाऊस त्याच्याच झोतावर पडून झोत विझत नाही, बाजूला पडतो. म्हणून साधा गडगडाटी ढग अर्ध्या-पाऊण तासात संपतो आणि सुपरसेल तासन्‌तास जगतो.

ढग फिरतो याचा अर्थ टोर्नाडो होतोच असं नाही. बहुतेक सुपरसेल जमिनीला हात न लावता निघून जातात. शेवटचा टप्पा, म्हणजे जमिनीलगतची फिरकी आवळून घट्ट कशी होते आणि कधी होत नाही, यावर शास्त्रज्ञांचा वाद आजही चालू आहे. ढगाच्या पाठीमागून खाली उतरणाऱ्या हवेचा त्यात मोठा हात आहे एवढं नक्की.

1974 च्या त्या बुधवारी वेगळेपण होतं ते विस्ताराचं. दमट हवा, झाकण आणि पळता जेट हे तिन्ही एखाद्या जिल्ह्यापुरते नव्हे, तर ग्रेट लेक्सपासून जवळपास आखातापर्यंत एकमेकांवर येऊन बसले होते. गडगडाटी ढगांच्या एकामागून एक तीन रांगा त्या पट्ट्यातून गेल्या, आणि पहिल्या रांगेने वापरून टाकलेली हवा दुसरी येईपर्यंत पुन्हा भरली जात होती. अलाबामातल्या टॅनर या छोट्या वस्तीवरून त्या संध्याकाळी दोन महाकाय टोर्नाडो गेले, अर्ध्या तासाच्या अंतराने आणि जवळपास एकाच वाटेने. पहिल्यातून वाचलेली माणसं ढिगारे उपसत असताना दुसरा आला.

सगळ्यात जास्त बोललं गेलं ते ओहायोतल्या झेनियाबद्दल. पंचवीस हजार वस्तीचं गाव, कमी-अधिक आपल्या तालुक्याच्या ठिकाणाएवढं. वादळाची पूर्वसूचना देणारा भोंगा गावात नव्हता. जवळच्या डेटन शहरातल्या दूरचित्रवाणी केंद्राने रडारवर ढगाच्या कडेला गळासारखा बाक पाहिला आणि प्रेक्षकांना आडोशाला जायला सांगितलं. ज्यांचा टीव्ही चालू होता ते वाचले. टोर्नाडो गावात शिरला तेव्हा पावणेपाच वाजत आले होते. शाळा सुटून तास-दीड तास झाला होता, हे गावाचं नशीब, कारण शाळांच्या इमारतींची पार वाताहत झाली. हायस्कूलमध्ये मात्र नाटकाची तालीम चालू होती. एका मुलीने बाहेर पाहिलं आणि ओरडून सगळ्यांना सांगितलं. मुलं रंगमंच सोडून आतल्या बोळात धावली आणि भिंतीशी डोकं झाकून आडवी पडली. वारा गेल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं तर ज्या रंगमंचावर काही मिनिटांपूर्वी ती नाचत होती, त्याच्यावर शाळेची बस पडली होती. त्या मुलांपैकी कुणी दगावलं नाही. गावातून जाणाऱ्या मालगाडीचे डबे रुळांवरून उलटून मुख्य रस्त्यावर आडवे झाले आणि रुग्णवाहिकांची वाट अडली. गावात तीसहून अधिक माणसं गेली आणि निम्म्या गावाला त्याचा फटका बसला.

झेनियातल्या एका घरी कॅसेट रेकॉर्डर चालू होता. घरचे जीव वाचवायला पळाले, रेकॉर्डर तसाच राहिला आणि नंतर ढिगाऱ्यात सापडला. त्यात टोर्नाडोचा आवाज आहे. एका शाळकरी मुलाने 8 मिलिमीटरच्या कॅमेऱ्याने चित्रणही केलं. त्यात एकच सोंड दिसत नाही. एका मोठ्या फिरकीच्या पोटात दोन-तीन बारीक फिरक्या एकमेकींभोवती पळताना दिसतात. हे चित्रण पाहून एका माणसाला मनापासून आनंद झाला असणार.

त्याचं नाव तेत्सुया फुजिता, शिकागो विद्यापीठातले प्राध्यापक, अमेरिकेत लोक त्यांना ‘मिस्टर टोर्नाडो’ म्हणत. गंमत अशी की 1974 पर्यंत त्यांनी स्वतः एकही टोर्नाडो डोळ्यांनी पाहिला नव्हता. पहिला दिसला तो 1982 मध्ये कोलोराडोत, वयाच्या एकसष्टाव्या वर्षी. त्यांची सगळी विद्या मागे राहिलेल्या खुणा वाचण्याची होती, आणि तिचा धडा त्यांनी भलत्याच ठिकाणी गिरवला होता.

1945 मध्ये फुजिता जपानमध्ये क्यूशू बेटावर, कोकुरा शहराजवळच्या तंत्रमहाविद्यालयात तरुण शिक्षक होते. 9 ऑगस्टला अणुबॉम्ब घेऊन निघालेल्या विमानाचं मूळ लक्ष्य कोकुराच होतं. शहरावर ढग आणि धूर होता, निशाण दिसेना, म्हणून वैमानिक नागासाकीकडे वळला. ढगांनी प्राण वाचवलेला माणूस पुढे ढगांचाच अभ्यासक झाला, यावर कादंबरीकारानेही विश्वास ठेवला नसता. काही आठवड्यांनी पाहणीसाठी फुजितांना नागासाकी आणि हिरोशिमाला पाठवण्यात आलं. बॉम्ब किती उंचीवर फुटला हे काढायचं होतं. जपानी कबरस्तानात थडग्यांपाशी फुलं ठेवायला बांबूच्या नळ्या असतात. फुजितांनी पाहिलं, की त्या नळ्या एका अंगाने होरपळल्या आहेत. होरपळ कुठल्या कोनात आहे हे वेगवेगळ्या कबरस्तानांत मोजून त्यांनी रेषा मागे ताणल्या, आणि त्या हवेत जिथे एकत्र आल्या ती स्फोटाची जागा. आणखी एक गोष्ट त्यांच्या डोक्यात राहिली: स्फोटाच्या अगदी खालची झाडं जळली तरी उभी होती, आणि तिथून लांबची झाडं चक्राच्या आऱ्यांसारखी चहू दिशांनी बाहेर आडवी झाली होती.

पुढे सेबुरी डोंगरावर गडगडाटी ढगांच्या नोंदी घेताना ढगातून हवा खालीही उतरते हे त्यांना दिसलं. त्याच डोंगरावरच्या अमेरिकन रडार ठाण्याच्या कचऱ्यात शिकागोच्या होरेस बायर्स यांचा शोधनिबंध सापडला. फुजितांनी आपलं काम इंग्रजीत टंकून बायर्सना पाठवलं, आणि 1953 मध्ये त्यांना शिकागोचं बोलावणं आलं.

एप्रिल 1974 च्या टोर्नाडोंनंतर फुजिता आणि त्यांचे सहकारी लहान विमानांतून आठवडेच्या आठवडे हिंडले. मोडलेली झाडं कुठल्या दिशेला पडली, घराचं फक्त छप्पर गेलं की भिंतीही गेल्या, मोटार सरकली की उडाली, हे छायाचित्रांवरून घर-घर, रान-रान नोंदलं. त्यातून जो नकाशा झाला त्यावर त्या दिवसाचे 148 मार्ग आहेत, आणि मार्गाच्या प्रत्येक टप्प्यावर टोर्नाडो किती जोरात होता याचा आकडा. हा आकडा त्यांच्याच 1971 च्या मापनश्रेणीतला, एफ-0 ते एफ-5. ही श्रेणी वाऱ्याची म्हणून ओळखली जाते, पण ती मोजते पडझड. पडझडीवरून वाऱ्याचा वेग ‘असा असावा’ असा अंदाज बांधायचा. फुजितांना हे पुरेपूर ठाऊक होतं. वर्तमानपत्रांना मात्र आकडा मिळाला की पुरे असतं.

हवेतून पाहताना रानात दिसणारे गोल गोल माग हे त्यांचं जुनं कोडं होतं. मक्याच्या कापलेल्या शेतात टोर्नाडोच्या वाटेवर वेटोळी उमटलेली असत. लोक म्हणत, एखादी जड वस्तू वाऱ्याने फरफटत नेल्याच्या खुणा. फुजितांनी शेतात उतरून पाहिलं तेव्हा जमीन कुठे खरवडलेली नव्हती, तिथे मक्याच्या धसकटांच्या बारीक ओळी साचल्या होत्या. त्यांनी ताडलं, की मोठ्या फिरकीच्या आत धावणाऱ्या छोट्या फिरक्या कचरा ओढून मागे टाकत जातात. म्हणूनच टोर्नाडोत एक घर साफ जातं आणि शेजारच्या घराच्या खिडकीची काचसुद्धा शाबूत राहते. आतापर्यंत ज्याला दैव म्हणत होते त्याचं हे कारण होतं. झेनियाचं चित्रण म्हणजे या अनुमानाचा चालता-बोलता पुरावा.

त्याच पाहणीत वेस्ट व्हर्जिनियातल्या बेकलीजवळ एका जंगलावरून जाताना त्यांना वेगळंच काही दिसलं. झाडं पडली होती, पण वळसा घेऊन नव्हे. एका बिंदूपासून आऱ्यांसारखी बाहेर, सरळ. एकोणतीस वर्षांपूर्वी नागासाकीत पाहिली होती तशीच. टोर्नाडोने हवा आत ओढली असती. इथे ती वरून आदळून चौफेर पसरली होती. पुढच्याच वर्षी, 24 जून 1975 ला, न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर वादळात उतरताना एक बोइंग 727 कोसळलं आणि शंभराहून अधिक प्रवासी ठार झाले. त्याच धावपट्टीवर आधी इतर विमानं सुखरूप उतरली होती, म्हणून संशयाची सुई वैमानिकाकडे वळली. फुजितांनी सगळ्या विमानांच्या नोंदी एकत्र लावून सांगितलं, की तिथे काही मिनिटांपुरता, दोन-तीन किलोमीटर रुंदीचा खाली येणारा झोत होता. विमानाला आधी समोरून वारा लागतो, ते वर उचललं जातं, वैमानिक ते खाली दाबतो. तेवढ्यात वारा पाठीमागून येतो आणि पंखांखालचा आधार निघून जातो. या झोताला त्यांनी डाउनबर्स्ट नाव दिलं. बऱ्याच सहकाऱ्यांनी तेव्हा नाकं मुरडली. एवढीशी गोष्ट इतकी बलवान कशी असेल, आणि असती तर आजवर दिसली कशी नाही? मग 1978 मध्ये शिकागोजवळ आणि 1982 मध्ये डेन्व्हरजवळ डॉप्लर रडार लावून पाहिलं तेव्हा असे झोत डझनांनी सापडले. पुढे मोठ्या विमानतळांवर खास रडार बसली, वैमानिकांना तसा सराव दिला जाऊ लागला, आणि अमेरिकेत अशा अपघातांची साखळी जवळपास थांबली. माझ्या मते फुजितांचं सर्वांत मोठं काम हेच. पण लोकांच्या लक्षात राहिला तो ‘एफ’.

त्या ‘एफ’वर अभियंत्यांनी बोट ठेवलं ते रास्तच होतं. अमेरिकेतलं घर बहुधा लाकडी सांगाड्याचं. तो सांगाडा जोत्याला बोल्टने बांधलाय की नुसते खिळे ठोकलेत, यावर ते किती वाऱ्यात उडेल हे ठरतं. खिळ्यांचं घर बऱ्याच कमी वाऱ्यातही साफ जातं. फुजितांच्या मूळ तक्त्यात एफ-5 म्हणजे ताशी 420 किलोमीटरच्या वरचा वारा. 2007 मध्ये सुधारित श्रेणी आली तेव्हा तीच पडझड 322 किलोमीटरच्या पुढे कुठेही होऊ शकते असं मान्य झालं. वारा खरोखर त्याहून जोरात असूच शकत नाही असं मात्र नाही. 3 मे 1999 ला ओक्लाहोमा शहराजवळ फिरत्या डॉप्लर रडारने जमिनीपासून थोड्या उंचीवर ताशी 480 किलोमीटरच्या आसपास वेग टिपला. फुजिता त्याच्या सहाच महिने आधी, नोव्हेंबर 1998 मध्ये वारले होते.

1974 नंतर अमेरिकेने रडार बदलले, सूचना देणारी रेडिओ केंद्रं वाढवली, भोंगे बसवले. मग 27 एप्रिल 2011 ला पुन्हा तेच तिन्ही घटक आग्नेय राज्यांवर एकत्र आले. हवामान खात्याने काही दिवस आधीच बजावलं होतं, प्रत्यक्ष टोर्नाडोची सूचना सरासरी वीस मिनिटांहून अधिक आधी मिळाली. तरी त्या एका दिवसात 300 हून अधिक माणसं गेली. एक कारण भलतंच होतं. सकाळीच एक वादळी रांग अलाबामावरून गेली होती. तिने विजेच्या तारा तोडल्या, सूचना देणारी काही रेडिओ प्रक्षेपणकेंद्रं बंद पाडली. दुपारी खरं संकट आलं तेव्हा अनेक घरांत टीव्ही बंद होता. शिवाय तिथल्या पुष्कळ घरांना तळघर नाही, आणि सूचना मिळालेले कितीतरी जण आडोशाला जाण्याआधी ‘खरंच येतोय का’ हे बघायला दारात आले.

टोर्नाडो ही अमेरिकेचीच मिरासदारी आहे असा समज आहे, तो खोटा आहे. एप्रिलमध्ये बंगालच्या मैदानावर तीच जुळणी होते: उपसागराची ओल खालून, छोटा नागपूरच्या पठाराकडून येणारी गरम कोरडी हवा तिच्यावर, आणि हिमालयाच्या दक्षिणेला अजून न सरलेला वेगवान पश्चिमी वारा माथ्यावर. 26 एप्रिल 1989 च्या संध्याकाळी बांगलादेशात माणिकगंज जिल्ह्यातल्या दौलतपूर आणि साटुरियावरून गेलेल्या टोर्नाडोत सुमारे 1,300 माणसं मेली. एका टोर्नाडोत इतके बळी जगात दुसरीकडे कुठे नोंदलेले नाहीत. तिथे घरं होती बांबूची, कुडाची आणि पत्र्याची. उडालेल्या पत्र्यांनीच कित्येकांना कापलं. फुजितांची श्रेणी तिथे लावायला गेलं तर हाती काही लागत नाही, कारण असं घर ताशी दीडशे किलोमीटरच्या वाऱ्यातही भुईसपाट होतं आणि चारशेच्याही. जोत्याला बोल्टने बांधलेली भिंत त्या गावांत नव्हतीच, आणि श्रेणीचे वरचे आकडे तशा भिंतीवाचून ठरत नाहीत.